तुझ्याकडं हाय तंवर

सुगी आली की मी बसस्टँडवर जायचं टाळते. गावाकडं जायचं झालंच तर वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसते, पण स्टँडवरच्या त्या बाकांपुढून चालत जाणं नको वाटतं. या दिवसांत बाकांवर म्हातारी माणसं फार असतात. नवा तांदूळ लेकीकडं पोचवायला निघालेली, पिशवी पायांशी ठेवून, टोपी काढून गुडघ्यावर घातलेली. पाठमोरा बघितला की त्यातला एखादा नेमका आप्पांसारखा दिसतो. तीच मान, तसेच किंचित पुढं आलेले खांदे. मग मी वळसा घालून पुढं जाते आणि त्याचं तोंड बघते. बघून आता काही उपयोग नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बघितल्याशिवाय पाय निघत नाही.

बेळगावात सुगी डोळ्यांना दिसत नाही, ती कानांवर येते. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी लांब हायवेवरून ऐकू येतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी डबा उघडता उघडता विचारतं, "तुमचं भात झालं का?" ज्यांची शेती कधीच सुटली तेही विचारतात. सकाळी शाळेला निघताना जांबोटीच्या अंगानं धुकं उतरलेलं असतं आणि त्या धुक्यात ओल्या पिंजराचा, भाताच्या पेंढ्याचा वास असतो. निदान मला तरी येतो. घरात नवरा म्हणतो, इथं कुठला आलाय पिंजर. त्याचं खरं असेल. पण वास येतो.

आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं, रानाच्या कुशीत. बस दिवसातून मोजक्या वेळा, ती चुकली की चालत. तिथं पावसाळा एवढा असतो की माणसं सुगीची वाट सणासारखी बघतात. ढग गेलेले असतात, ऊन कोवळं असतं, खळी शेणानं सारवलेली असतात, गंज्या रचलेल्या असतात आणि माणसाला कितीतरी महिन्यांनी अंगण पुरं दिसतं. आमच्या घरात तेव्हा आई, आप्पा आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, एवढीच राहत. मी नोकरीमुळं बेळगावात. थोरली बहीण, आक्का, दिली होती निपाणीच्या पुढं बोरगावला. दर सुगीला पहिलं भात सडून झालं की आप्पा त्यातला तांदूळ घेऊन आक्काकडं जायचे. जांबोटी ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी, तिथून बोरगाव. पोहोचवणारे कितीजण होते, अण्णाची मोटरसायकल होती, तरी हे काम आप्पा कुणाला देत नसत.

त्या वर्षीही ते तसेच निघाले. आईनं आदल्या सांजेला खळ्याचा कडेचा भाग पुन्हा सारवला होता आणि तो अजून ओला होता. आप्पा घाईत त्यावरूनच चालत गेले. आई ओरडली, तेव्हा ते हसले आणि तसेच पुढं गेले. त्यांच्या पावलांचे ठसे ओल्या शेणात उमटले आणि दिवसभराच्या उन्हात वाळले. पाच-सहा ठसे, सगळे बाहेरच्या दिशेनं.

सांज झाली तरी आप्पा आले नाहीत म्हणून आक्कानं मला फोन केला. मी आप्पांना लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मग आईचा फोन आला. ती म्हणाली, तू कुणाला लावालीस? त्यांचा फोन हितंच कोनाड्यात वाजतोय.

ती रिंग मी स्वतः ऐकलेली नाही. मी बेळगावात होते, फोन वाजत होता रानातल्या घरात, आईच्या पाठीमागं. पण इतक्या वर्षांत मला स्वप्नात सगळ्यात जास्त तीच ऐकू आली आहे.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच बेळगावला आला आणि आम्ही दोघं निपाणीला गेलो. निपाणी स्टँडवर उतरलं की तंबाखूचा वास नाकात बसतो. वखारींतून येतो, माणसांच्या कपड्यांतून येतो, अनोळखी माणसाला त्यानं शिंका येतात. अण्णा शिंकत शिंकत एकेका दुकानदाराला मोबाईलमधला फोटो दाखवत होता. स्टँडच्या कोपऱ्यावर चहाचं हॉटेल होतं. त्या हॉटेलवाल्यानं फोटो हातात घेतला, नीट बघितला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात आमची पिशवी होती. आईनं सुतळीनं तोंड शिवलेली.

तो म्हणाला, काल दुपारी हे इथं बाकावर बसले होते. घाम आला होता, डोकं दाबत होते. पाणी दिलं तर अर्धं प्याले. मग पिशवी माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "जरा बघा हं. आलोच."

आलोच. आपण निघताना असंच म्हणतो, जाताना येतो म्हणतो. मराठीत कुणीही तेवढंच म्हटलं असतं. पण आप्पांच्या तोंडून कुणी ऐकलेले ते शेवटचे मराठी शब्द ठरले, आणि ते एका अनोळखी चहावाल्यानं ऐकले.

पोलिसांत वर्दी दिली. आक्काच्या नवऱ्यानं आजूबाजूची गावं पालथी घातली. एका पाव्हण्याच्या लग्नात काढलेला आप्पांचा फोटो छापून आणला आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत खांबाखांबावर चिकटवला. फोटोत त्यांना फेटा बांधलेला होता आणि ते खुशीत होते. हरवलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो, म्हणून लोक त्यावरून नजर फिरवून पुढं जात असतील असं मला वाटायचं. पिशवीचं काय करायचं, हे अण्णानं आईला विचारलं. आई म्हणाली, तांदूळ आक्कासाठी निघाला होता, आक्कालाच द्या. आक्कानं तो घेतला आणि तसाच कोपऱ्यात ठेवला, तिच्यानं शिजवेना. हे आईला कळलं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं की शिजव, ते आल्यावर विचारतील भात कसं झालं, तवा काय सांगशील.

आल्यावर. आई हा शब्द सहज वापरायची, बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल वापरावा तसा.

मी शाळेतून रजा काढून गावी राहिले. मला वाटलं होतं आईला सांभाळावं लागेल. पण घरी मळणी चालू होती. मशीन आलं होतं, माणसं आली होती, आई डोक्याला फडकं बांधून भारे पुढं करत होती. भात उफणताना वाऱ्याची दिशा बघत होती. माणसांना वेळेवर जेवायला वाढत होती. मी येरझाऱ्या घालायची, फोन करायची, रडायची. ती कामातून मान वर करून मला बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, आई, तुला काहीच कसं वाटत नाही?

तिनं सूप खाली ठेवलं. "वाटतं गं. लई वाटतं. पर माझ्या रडण्यानं त्यास्नी वाट दिसंल व्हय?"

आणि सूप उचललं.

सांजेला दिवा लावताना ती देवापुढं उभी राहायची. मला वाटायचं, ती त्यांना परत मागत असणार. मी तेव्हा वेड्यासारखे नवस बोलत होते. यल्लम्माला बोलले, जोतिबाला बोलले, वाटेत दिसेल त्या देवळाला काही ना काही कबूल करत सुटले होते. एके दिवशी मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले आणि ती काय पुटपुटते ते ऐकलं. परत आण, असं ती म्हणतच नव्हती. रोज एकच वाक्य होतं.

"तुझ्याकडं हाय तंवर नीट ठेव."

एवढंच. शेजारणीकडं आपलं पोर घटकाभर सोडताना बाई जशी सांगते तसं. मग हात जोडून वळायची आणि चुलीकडं जायची.

गावातल्यांना तिचं हे वागणं नीट कळत नव्हतं. काहींना ती धीराची वाटे, काहींना दगडाची. जाणत्या माणसांनी अण्णाला सुचवलं की रवळनाथाला कौल लावू. आमच्याकडं देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. माणूस आहे की नाही, एवढं तरी कळेल असं त्यांचं म्हणणं. अण्णाची तयारी होती. माझीही होती, खरं तर मला घाई झाली होती. देवळात गुरवानं पाकळ्या भिजवून ठेवल्या, दहापाच माणसं जमली, आईला बोलावणं गेलं. ती आली, तिनं पायरीवर डोकं टेकलं आणि गुरवाला म्हणाली की कौल लावू नका.

गुरव वयानं मोठा होता. त्यानं समजावलं की वहिनी, मनाला शांती मिळेल.

"डावी पडली तर मी काय करू?" आईनं विचारलं. "उद्यापासनं वाट बघायची सोडू? आन उजवी पडली तर? मग भरवसा कशाला पायजे? त्याच्यावर सोपवलंय न्हवं, मग मागनं जाऊन झाकण उघडून बघायचं न्हाय."

भिजलेल्या पाकळ्या तशाच राहिल्या. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. आज वाटतं, त्या गाभाऱ्यात देवावर खरा विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. आम्हाला बाकीच्यांना फक्त बातमी हवी होती.

पण ती दगडाची नव्हती, हे मला खळ्यावर कळलं. मळणीच्या मध्ये खळं पुन्हा सारवावं लागतं. बायकांनी सगळं सारवलं, कडेचा तेवढा तुकडा ठेवला. आईनं आधीच त्याभोवती चार दगड मांडले होते. आत आप्पांच्या पावलांचे ठसे होते, वाळून भेगा पडलेले. भात ओढणारी माणसं त्याला वळसा घालून जात. पहाटेच्या धुक्यात अंगणात आलं की ते ठसे दवानं काळे दिसत, आत्ताच कुणी ओल्या पायांनी चालत गेल्यासारखे. मी तिकडं बघत नसे. आई मात्र सडा घालताना तिथं पाणी पडू नये म्हणून हात आखडता घेई.

रजा संपली, मी बेळगावला परत आले. ते दिवस मी कसे शिकवले कोण जाणे. खडू हातात असायचा आणि खिडकीतून रस्त्यावरून जाणारा प्रत्येक म्हातारा मी बघत असायची. एकदा तर चालत्या रिक्षातून उतरून एका माणसाच्या मागं गल्लीभर पळाले. तो वळला, घाबरला, आणि मग माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. कुणाला शोधतीस पोरी, असं त्यानं विचारलं.

माणूस मेला तर घर त्याला एका जागी ठेवतं. हरवला तर तो सगळीकडं असतो. प्रत्येक गाडीत, प्रत्येक बाकावर, दार वाजलं की दाराबाहेर. आईचा देव त्या काळात मला कळत नव्हता, पण तिला एक जागा सापडली होती आणि मला नव्हती, एवढं दिसत होतं. आप्पा देवाकडं आहेत, असं तिनं ठरवलं होतं. जिवंत असोत वा नसोत, ठिकाण तेच. त्यामुळं ती झोपत होती आणि मी जागी होते.

संक्रांत तोंडावर आली होती तेव्हा अण्णाला फोन आला. पलीकडचा माणूस कानडी बोलत होता. धारवाडच्या पुढं कुठल्याशा खेड्यात मठ आहे, तिथं रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण असतं. तो तिथं सेवेला जायचा. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला आप्पांचा फोटो त्यानं बघितला होता. म्हणाला, असे एकजण इथं आहेत, नाव सांगत नाहीत, पण काम चांगलं करतात.

मी, अण्णा आणि आई गेलो. गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती, हातांची घडी मांडीवर. मठाच्या स्वयंपाकघरामागं पडवी होती. तिथं उन्हात पोतं पसरून चार माणसं तांदूळ निवडत बसली होती. एकजण आप्पा होते. दाढी केलेली, अंगात हातानं विणलेला हिरवा स्वेटर. ते एकेक खडा चिमटीत धरून बाजूला टाकत होते. मी आप्पा म्हणून हाक मारली. त्यांनी वर बघितलं, हसले, आणि बाजूला सरकून आम्हाला बसायला जागा केली. पाव्हण्यांना करावी तशी.

मी त्यांचा हात धरून बोलत सुटले, आप्पा मी, आप्पा ही आई. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण नव्हती. मग त्यांनी शेजारच्या माणसाला कानडीत विचारलं की ही मंडळी काय म्हणताहेत.

बेळगावच्या डॉक्टरांनी नंतर डोक्याच्या स्कॅनचा फोटो दाखवला. मेंदूत छोटीशी गुठळी होऊन गेली होती, बहुधा निपाणीत, त्या बाकावरच. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या माणसाचं कधीकधी असं होतं. एक जाते, एक राहते. आप्पा तरुणपणी काही वर्षं लाकडाच्या डेपोत कानडी माणसांत कामाला होते, बाजारहाटही कानडीतच चाले. ती राहिली. आईच्या दुधाबरोबर आलेली गेली. परत येईल का, असं अण्णानं विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

ज्या माणसानं तरुणपणी मराठीसाठी मोर्चात चालून घसा बसवून घेतला होता, त्याची ही गोष्ट. गावात पहिले काही दिवस माणसं बघायला येत. आप्पा कानडी झाले, असं पोरंसोरं म्हणत. त्यांचा एक जुना जोडीदार आला, थट्टेनं दोन शब्द कानडीत बोलला, आप्पांनी त्याला आदरानं उत्तर दिलं, आणि तो म्हातारा डोळ्यांवर टॉवेल धरून उठून गेला.

पण त्याच्याआधीची, ते घरी आले त्या दुपारची गोष्ट सांगायची आहे. आप्पांनी उंबऱ्यात चप्पल काढली, पुढच्या सोप्यात येऊन बसले आणि घराकडं बघत राहिले. आई आत-बाहेर करत होती. तिच्याकडं वळून ते म्हणाले, "नीर कोडरी."

पाणी द्या. द्या. उभ्या आयुष्यात त्यांनी आईला पाणी दे गं याखेरीज काही म्हटलं नव्हतं. परक्या बाईला मागावं तसं, मानानं, किंचित संकोचानं मागितलेलं ते पाणी. आईनं तांब्या भरून आणला, दोन्ही हातांनी पुढं केला आणि म्हणाली, "तगोरी." घ्या. बाजारापुरती कानडी तिला येत होती, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

ते पाणी पीत असताना तिनं त्यांचा मोकळा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोटं बघितली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. नखं कापलेली होती, अगदी बारीक, गोल. दोन्ही हातांची. आप्पांना स्वतःची नखं नीट कापता येत नसत, कायम आईच कापायची. मठातल्या माणसानं सांगितलं होतं की ते गेल्याच आठवड्यात आले, तेव्हाही असेच स्वच्छ होते, स्वेटर अंगात होता. म्हणजे त्याच्याही आधी, निपाणी आणि मठ यांच्या मधल्या त्या दिवसांत, कुठल्यातरी अंगणात त्यांना कुणीतरी पुढ्यात बसवून हे केलं होतं. कुणी, कुठं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

आई कितीतरी वेळ ती नखं बघत होती. मग म्हणाली, "नीट ठेवलेलं हाय."

शेजारच्या काकी आलेल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं की देवानं आणलं खरं, पण अर्धंच आणलं. आईनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. "माणूस नीट ठेव म्हटलेलं मी. बोलीचं काय म्हटलं न्हवतं." त्याच सांजेला तिनं दगड बाजूला केले आणि खळ्याचा तो राहिलेला तुकडा सारवून टाकला.

लोकांच्या लेखी गोष्ट तिथं संपली. आईच्या भक्तीला देव पावला, असं ते सांगत. मला मात्र वाटतं, त्या दिवसापर्यंतचं सोपं होतं. वाट बघणाऱ्याला निदान जुना माणूस डोळ्यांपुढं असतो. आता समोर बसलेल्या माणसात तो शोधायचा होता. आईनं शोधायचं ठरवलंच नाही. जो आला त्याला तिनं घरात घेतलं. भाजी विकायला येणाऱ्या कानडी बाईला थांबवून ती एकेक शब्द विचारून घ्यायची. दुखतंय का, थंडी वाजते का, गोड झालंय का. चुकलं की आप्पा हसून दुरुस्त करायचे आणि ती पुन्हा म्हणायची. सुट्टीत मी गेले की सोप्यात दोघं उन्हाला बसलेली असत. एक मोडकं कानडी बोलणारी, एक नितळ. लांबून कुणाला वाटलं असतं, नव्यानं लग्न झालेलं जोडपं आहे.

कधीकधी आप्पा मध्येच रानाकडं बघत. कुणी हाक मारल्यासारखी मान तिकडं वळे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर असं काही यायचं की मला तिथं बसवायचं नाही. ते कुठं जाऊन आले होते, तिथलं काहीतरी त्यांना दिसत होतं आणि त्यासाठी त्यांच्याकडं कुठल्याच भाषेत शब्द नव्हता. मला राहून राहून वाटायचं, आमचे आप्पा अजून निपाणीच्या त्या बाकावर बसले आहेत आणि हे दुसरेच कुणी त्यांच्या वाट्याचं ऊन खाताहेत. हा विचार मी आईला सांगितला नाही. तिला तो आला नसेल असंही नाही.

एकदा ते मला म्हणाले, अर्थात कानडीत, की ती बाई कोण आहे? फार चांगली बाई आहे. माझं लई करते.

मी हे आईला सांगावं की नको, याचा दिवसभर विचार केला. शेवटी निघताना सांगितलं. ती भांडी पालथी घालत होती. थांबली. पदर तोंडाशी धरला आणि मला कळेना ती रडते की हसते. हसत होती.

"आख्ख्या संसारात कधी तोंडावर म्हटलं न्हवतं गं त्यांनी."

आप्पा नंतर दोन सुग्या राहिले. तिसऱ्या सुगीत, मळणी उरकल्यावर, एका दुपारी सोप्यात बसल्या बसल्या गेले. आई शेजारी शेंगा फोडत होती. तिला वाटलं डुलकी लागली, म्हणून तिनं त्यांच्या अंगावर चादर घातली आणि शेंगा फोडत राहिली. मराठी परत आली नाही. मरताना तरी येईल अशी माझी कुठंतरी आशा होती, तीही फोल गेली. तेराव्याला गुरव आईला म्हणाला की वहिनी, आता सुटलीस. ती म्हणाली की मी कुठं अडकलेली होते.

ती अजून गावीच असते. अण्णाची मुलं आहेत, गाय आहे, तिला बेळगावात करमत नाही. तिची भीती वाटत नाही मला. स्वतःची वाटते. माझ्यावर काही आलं की मी आजही पहिल्यांदा पळत सुटते, दहा ठिकाणी फोन करते, बातमी मागते. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आईचं ते वाक्य म्हणून बघितलं. तुझ्याकडं हाय तंवर नीट ठेव. पहिल्यांदा नुसते शब्द झाले. पुन्हा म्हटलं. कितव्यांदा कोण जाणे, हात सैल पडले. नवरा बरा झाला. पण तो आत असतानाच ते हात सैल पडले होते, हे मी विसरलेले नाही.

गेल्या रविवारी गावी गेले होते. यंदाची मळणी नुकतीच झाली आहे. सकाळी आईबरोबर रवळनाथाच्या देवळात गेले. धुकं अजून गाभाऱ्याच्या दारापर्यंत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मी जवळ सरकले. भात बरं झालंय, सांगत होती. मधल्या वावरात गवे शिरलते, तरी बरं झालंय. आक्काकडं तांदूळ अण्णा देऊन आला. गायीला कालवड झाली. हे सगळं कानडीत. मोडकं, बाजारातलं, मधूनच अडखळणारं.

परतताना मी तिला विचारलं की आई, रवळनाथाला कानडी कधीपासून?

ती चालत होती तशीच चालत राहिली.

"देवाला कुठलीबी चालती," ती म्हणाली. "पर त्याच्या शेजारी हे बसल्यात न्हवं. त्यास्नी मराठी कळत न्हाय."